टपाल-कारकून ते मंत्री : हाइन्रिख फॉन श्टेफान

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत जर्मनीच्या एकीकरणाचे प्रकरण बहुधा तीन युद्धांवर उभे असते. १८६४ साली डेन्मार्कशी, १८६६ साली ऑस्ट्रियाशी आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सशी झालेले युद्ध. बिस्मार्कची मुत्सद्देगिरी, मोल्टकेचे सेनापतित्व आणि व्हर्सायच्या आरसेमहालात झालेली साम्राज्याची घोषणा. एवढे मुद्दे उत्तरपत्रिकेत नीट मांडले की परीक्षक समाधानी होतात. परंतु तहनामे झाले, झेंडा एक झाला, म्हणजे देश एक झाला काय? प्रशियातल्या खेड्यातील म्हातारीला बव्हेरियात फौजेत असलेल्या मुलाची खुशाली परवडेल अशा दरात कळू लागेपर्यंत तिच्या लेखी ते एकीकरण कागदावरचेच होते. हे दुसरे एकीकरण ज्याने घडवून आणले, त्या माणसाचे नाव आपल्या अभ्यासक्रमात येत नाही. तो सेनापती नव्हता, सरदारपुत्र नव्हता. एका शिंप्याचा मुलगा म्हणून तो जन्मला, टपाल-कारकून म्हणून नोकरीस लागला आणि मंत्री होऊन वारला. त्या हाइन्रिख फॉन श्टेफानच्या चरित्राचा परिचय करून देण्याचा माझा प्रयत्न आहे. परिचयाबरोबरच एक प्रश्नही मला वाचकांपुढे ठेवायचा आहे : खालून वर गेलेला माणूस वर गेल्यावर खालच्यांचा राहतो का?

बालपण आणि नोकरी

श्टेफानचा जन्म ७ जानेवारी १८३१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील श्टोल्प ह्या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव स्वुप्स्क असे आहे. वडील शिंपीकाम करीत. मुलाची बुद्धी तल्लख होती, पण पुढील विद्यापीठीय शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. १८४८ साली, म्हणजे युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला होता त्याच वर्षी, सतरा वर्षांचा हा मुलगा आपल्याच गावच्या टपाल कचेरीत उमेदवार कारकून म्हणून रुजू झाला.

पुढे बदल्या होत होत तो डान्झिग, बर्लिन, कोलोन अशा ठिकाणी फिरला. कोलोनची कचेरी त्याच्या दृष्टीने खरी पाठशाळा ठरली. बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड ह्या देशांकडे जाणारे टपाल तेथून जाई. प्रत्येक देशाचा दर निराळा, वजनाचे माप निराळे, हिशेबाचे नाणे निराळे. एका पत्रावर किती आकार घ्यायचा, त्यातला किती वाटा कोणाला द्यायचा, ह्याचे कोष्टक पाहता पाहता कारकुनाचा जीव मेटाकुटीला येई. श्टेफानने ह्या गुंत्याचा कंटाळा न करता तो समजून घेतला. फावल्या वेळात त्याने परभाषा शिकून घेतल्या, वृत्तपत्रांत संगीतविषयक लेखनही केले. १८५९ साली त्याचा 'प्रशियन टपालाचा इतिहास' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रंथकाराचे वय होते अवघे अठ्ठावीस. आपण ज्या खात्यात पोटापाण्यासाठी आलो त्या खात्याचा इतिहास लिहावा असे किती नोकरदारांना वाटत असेल?

तुकड्यांचा देश, तुकड्यांचे टपाल

त्या काळी जर्मनीत डझनाहून अधिक टपाल-व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांपैकी सर्वांत विलक्षण व्यवस्था थुर्न आणि टाक्सिस ह्या सरदार घराण्याची. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून हे घराणे टपाल वाहून नेण्याचा धंदा करीत आले होते आणि एकोणिसाव्या शतकातही अनेक लहानमोठ्या राज्यांतील टपाल त्याच्याच हाती होते. म्हणजे एका घराण्याची वंशपरंपरागत मिरास, आणि तिच्यावर लाखो लोकांची पत्रे अवलंबून!

१८६६ च्या युद्धात प्रशियाच्या फौजांनी फ्रँकफुर्ट ताब्यात घेतले. ह्या घराण्याची मुख्य कचेरी तेथेच होती. ती प्रशियाच्या हाती आणण्याचे काम श्टेफानकडे आले. घराण्याशी करार होऊन ३० लक्ष थालर मोबदला ठरला आणि १ जुलै १८६७ रोजी शतकानुशतकांची ती मिरास संपली. पाठोपाठ १ जानेवारी १८६८ पासून उत्तर जर्मन संघराज्यात साध्या पत्राला, अंतर कितीही असो, एक ग्रोशेन असा एकच दर लागू झाला.

अंतरावर दर अवलंबून ठेवू नये, ही कल्पना श्टेफानची नव्हे. इंग्लंडात रोलंड हिल ह्याने ती १८४० साली अंमलात आणली होती आणि हिंदुस्थानातही १८५४ पासून अशी पद्धत सुरू झालेली होती. हिलचे म्हणणे साधे होते. पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च फारच थोडा असतो. खरा खर्च ते घेणे, नोंदणे, आकार ठरविणे आणि घरोघर वाटणे ह्यांत होतो. मग जवळच्या आणि दूरच्या पत्रात भेद कशासाठी? श्टेफानचे वैशिष्ट्य असे, की त्याने हे तत्त्व पत्रापुरते ठेवले नाही. १८७४ च्या आरंभापासून पाच किलोपर्यंतचे पार्सल सुमारे ७५ किलोमीटरच्या आत २५ फेनिग आणि त्यापलीकडे साम्राज्यात कोठेही ५० फेनिग, असा दर सुरू झाला. शहरात शिकणारा मुलगा, फौजेतला भाऊ, कामाला गेलेली मुलगी, ह्यांना घरचे काही पाठविणे गरिबालाही शक्य झाले.

खेड्यांसाठी त्याने आणखी एक युक्ती योजली. पूर्ण वेळेची कचेरी जेथे परवडत नाही तेथे १८७१ पासून टपाल-एजन्सी आणि १८८१ पासून त्याहूनही लहान साहाय्यक केंद्रे उघडली. गावातलाच शिक्षक, दुकानदार किंवा खाणावळवाला आपला उद्योग सांभाळून हे काम पाही. आपल्याकडे गावच्या गुरुजींनी शाळेबरोबर शाखा-टपालघर चालविल्याची उदाहरणे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही योजना परकी वाटणार नाही.

उघड्या पत्राची भीती

१८६५ साली कार्ल्सरूए येथे भरलेल्या टपाल परिषदेत श्टेफानने एक सूचना मांडली होती : पाकीट नको, मायना नको, एका जाड कागदावर चार ओळी लिहाव्यात आणि तो तसाच टपालात टाकावा. परिषदेने ती मान्य केली नाही. उघडा मजकूर नोकरचाकर वाचतील, उत्पन्नाला खोट येईल, अशा शंका होत्या. पुढे १८६९ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमान्युएल हेरमान ह्यांनी हाच विचार वृत्तपत्रातून मांडला आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रियाने जगातले पहिले पोस्टकार्ड काढले. कल्पना एकाची आणि मान दुसऱ्या देशाचा, असे झाले.

एप्रिल १८७० मध्ये श्टेफान उत्तर जर्मन संघराज्याच्या टपालखात्याचा प्रमुख झाला, आणि जूनमध्ये पोस्टकार्डे विक्रीला आली. २५ जूनला बर्लिनमध्ये एका दिवसात ४५ हजारांहून अधिक कार्डे खपली. महिना उलटतो न उलटतो तोच फ्रान्सशी युद्ध जुंपले. सैनिकांना छावणीतून कार्डे फुकट पाठविता येऊ लागली. लांबलचक पत्र लिहिण्याचा ज्यांना सराव नव्हता, ते 'मी जिवंत आहे' एवढे तरी लिहू लागले. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आले, पाव आण्याला एक. ज्या चिटोऱ्यावर कार्ल्सरूएच्या परिषदेत शंका घेतली गेली, त्याच चिटोऱ्याने पुढे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जन्माच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या वार्ता वाहिल्या.

सारे जग एक मुलूख

श्टेफानचे सर्वांत मोठे कार्य देशाबाहेरचे आहे. त्या वेळी परदेशी पत्राचा दर दोन दोन देशांमधील स्वतंत्र करारांवर अवलंबून असे. अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या एकाच वजनाच्या पत्राला मार्गानुसार ५ सेंटांपासून १ डॉलर २ सेंटांपर्यंत आकार पडे. १८६३ साली पॅरिसमध्ये १५ देशांची परिषद भरून काही सर्वसाधारण तत्त्वे मान्य झाली होती, पण बंधनकारक करार झाला नाही. १८६८ साली श्टेफानने जागतिक संघाची योजना लिहून काढली. युद्धामुळे ती मागे पडली. अखेर १५ सप्टेंबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरी २२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ९ ऑक्टोबरला करार झाला.

ह्या कराराचे पहिले तत्त्व असे, की पत्रव्यवहारापुरते सर्व सभासद देश मिळून एकच प्रदेश समजावयाचा. दुसरे, १५ ग्रॅमच्या पत्राला २५ सेंटिम हा सामान्य दर, त्यात थोडी कमीजास्त सवलत. तिसरे तत्त्व मला सर्वांत मनोरंजक वाटते : ज्या देशात तिकीट विकले गेले त्या देशाने सर्व पैसे ठेवून घ्यावेत, पत्र पोचविणाऱ्या देशाला त्यातला वाटा देऊ नये. वरवर पाहता हा अन्याय दिसतो. पण त्यामागचा तर्क असा, की पत्राला बहुधा उत्तर येतेच. आज तुमचे पत्र मी फुकट पोचविले, तर उद्या माझे उत्तर तुम्ही फुकट पोचवाल. मग पैपैचा हिशेब ठेवण्यात कारकुनांचे आयुष्य का घालवावे? कोलोनच्या कचेरीत ते हिशेब ज्याने स्वतः केले होते, त्याच्याच डोक्यात हा विचार यावा हे स्वाभाविक होते. मधल्या देशांना मात्र वजनावर ठरलेले अल्प वाहतूक-शुल्क मिळावे, अशी तडजोड झाली.

परिषदेत फ्रान्सचा प्रतिनिधी होता, पण उत्पन्न बुडण्याच्या भीतीने फ्रान्सने सही लांबणीवर टाकली. तीनच वर्षांपूर्वी ज्यांच्यात रणकंदन माजले होते ते दोन देश एका टेबलाशी बसले, ही गोष्टही लहान नाही. १ जुलै १८७५ रोजी करार अंमलात आला आणि १८७६ च्या आरंभी फ्रान्सही संघात आला. त्याच वर्षी १ जुलैला ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रवेश झाला. तेव्हापासून मुंबईत टपालात टाकलेल्या पत्राला बर्लिन किंवा रोम ही शहरे एकाच टपाल-मुलुखातली झाली. १८७८ साली पॅरिसच्या अधिवेशनात संघाला आजचे नाव मिळाले : जागतिक टपाल संघटना. १९४८ पासून ती संयुक्त राष्ट्रांची एक विशेष संस्था आहे. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन म्हणून पाळावा असे १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरले, आणि तो प्रस्ताव मांडणारे आनंद मोहन नरुला हे भारतीय प्रतिनिधिमंडळातील सदस्य होते.

त्याच टोकियो अधिवेशनात श्टेफानच्या तर्काला मुरडही घालावी लागली. श्रीमंत देशांतून गरीब देशांकडे छापील माल आणि पत्रे भाराभर येत, उलट जाणारे टपाल कमी. पत्राला उत्तर येतेच, हे गृहीत खरे राहिले नव्हते. तेव्हा जास्त टपाल वाटणाऱ्या देशाला मोबदला देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. पुढे ऑनलाइन खरेदीच्या काळात ह्याच मोबदल्याच्या दरांवरून चीन आणि अमेरिका ह्यांचे हितसंबंध आदळले आणि २०१९ साली अमेरिकेने संघटना सोडण्याची तयारी केली होती. त्या वर्षीच्या खास अधिवेशनात तडजोड होऊन तो प्रसंग टळला. समान दराचे तत्त्व एकदा ठरवून भागत नाही; ते पुन्हा पुन्हा वाटाघाटीने सांभाळावे लागते, हे यावरून कळते.

यंत्रे आणि शब्द

१८७६ च्या प्रारंभी टपाल आणि तार ही दोन्ही खाती श्टेफानच्या हाताखाली एक झाली. पुढल्या वर्षी एका अमेरिकन नियतकालिकात त्याने ग्रॅहॅम बेलच्या टेलिफोनविषयी वाचले. लंडनहून आलेल्या दोन यंत्रांवर २६ ऑक्टोबर १८७७ रोजी बर्लिनमध्ये प्रयोग झाले आणि ते यशस्वी ठरले. खेड्यापर्यंत तार पोचविण्यासाठी कडकट्टच्या लिपीत तरबेज असलेला माणूस लागे; टेलिफोनवर कोणीही साधा माणूस मजकूर सांगू शकत होता. श्टेफानने ह्या खेळण्यातला उपयोग प्रथम पाहिला तो असा. १८८१ साली बर्लिनमध्ये नागरिकांसाठी केंद्र सुरू झाले तेव्हा ग्राहक दोनशेही नव्हते आणि लोक त्यांच्या यादीला 'मूर्खांची वही' म्हणून हिणवीत. १८७४ साली त्याने जागतिक टपाल आणि आकाशयान ह्या विषयावर व्याख्यान दिले होते. ते वाचून काउंट झेपेलिनच्या मनात आकाशयानाच्या कल्पनेने घर केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

भाषेच्या विद्यार्थ्यांना श्टेफानची आणखी एक बाजू आवडेल. जर्मन टपालाची परिभाषा फ्रेंच शब्दांनी भरलेली होती. त्याने शेकडो फ्रेंच संज्ञा काढून जर्मन संज्ञा रूढ केल्या. टेलिफोनला त्याने दिलेला जर्मन शब्द 'दूर बोलणारा' ह्या अर्थाचा आहे. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, त्याचे स्मरण येथे होते. दोन्ही ठिकाणी शब्द रुजले ते राज्यकारभाराच्या कागदांतून. मात्र फॉर्मवरचा शब्द सामान्य माणसाला कळला पाहिजे, ही खिडकीवरच्या कारकुनाची दृष्टी श्टेफानच्या उद्योगात मला विशेष दिसते.

नाण्याची दुसरी बाजू

१८८० मध्ये श्टेफान साम्राज्याच्या टपालखात्याचा राज्य-सचिव झाला, १८८५ मध्ये त्याला सरदारकी मिळाली आणि नावात 'फॉन' आले, १८९५ मध्ये प्रशियाच्या मंत्र्याचा दर्जा मिळाला. प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाचाही तो सभासद होता. त्याचे राजकारण प्रचारसभांचे नव्हते. दरपत्रक, अंदाजपत्रक आणि करारनामा ही त्याची आयुधे. राष्ट्रीय सभागृहात तो आपल्या खात्याची बाजू हिरिरीने मांडी. १८८५ साली पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या टपाल-बोटींना सरकारी अनुदान मिळाले, ते जर्मनीच्या वसाहतवादाच्या चढत्या काळात, हेही विसरता येत नाही.

पण माझ्या मुख्य प्रश्नाचे उत्तर खात्याच्या आत शोधले पाहिजे. नोकरवर्गासाठी श्टेफानने १८७२ पासून बचत आणि कर्जाच्या संस्था काढल्या, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारला. ह्या गोष्टी त्याने मनापासून केल्या. तथापि १८९० साली टपाल आणि तार खात्यातील साहाय्यकांनी आपली स्वतःची संघटना स्थापन केली, तेव्हा ती त्याला खपली नाही. तिच्याकडे त्याने बेशिस्तीचा प्रकार म्हणून पाहिले आणि तिला विरोध केला. स्त्रियांना खात्यात घेण्यासही त्याचा पूर्वी विरोध होता. टेलिफोन केंद्रांवर त्यांची नेमणूक होऊ लागली ती १८९० च्या सुमारास. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याची वृत्ती 'मायबाप सरकार'ची होती. मायबाप खाऊ घालतात, शिकवतात. पण लेकराने घराच्या कारभारात तोंड घातलेले त्यांना चालत नाही.

ह्या काळातली आणखी एक घटना बोलकी आहे. १८७८ ते १८९० ह्या बारा वर्षांत बिस्मार्कच्या कायद्याने समाजवादी पक्षाच्या संघटना आणि वृत्तपत्रे ह्यांवर बंदी होती. पक्षाचे मुखपत्र प्रथम झुरिकमध्ये आणि १८८८ पासून लंडनमध्ये छापून चोरून जर्मनीत येई. ज्युलियस मोट्टेलर नावाच्या कार्यकर्त्याने ही वाटपाची यंत्रणा उभारली आणि तिला नाव पडले 'तांबडे फौजी टपाल'. त्यातले अंक सीमेच्या आत आल्यावर पुष्कळदा साध्या बंद पाकिटांतून श्टेफानच्याच खात्यामार्फत वाचकांच्या घरी पोचत! राज्याने उभारलेली स्वस्त आणि सार्वत्रिक व्यवस्था राज्याच्या विरोधकांच्याही उपयोगी पडली. मला वाटते, चांगल्या सार्वजनिक व्यवस्थेची हीच खूण आहे. ती एकदा सर्वांसाठी खुली झाली, की तिच्या निर्मात्याच्या मर्जीबाहेरही ती काम करू लागते.

समारोप

८ एप्रिल १८९७ रोजी बर्लिनमध्ये श्टेफानचे निधन झाले. त्याने जे एकत्र जोडले ते पुढल्या शतकात पुन्हा सुटे झाले. टपाल, तारायंत्र आणि टपाल-बँक ह्यांचा संयुक्त संसार १९९५ साली तीन स्वतंत्र कंपन्यांत विभागला गेला आणि १९९७ च्या अखेरीस, श्टेफानच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, जर्मनीचे टपाल मंत्रालयच बंद झाले. भारतातली तार २०१३ च्या जुलैत थांबली. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबविले. आता आपला निरोप एका क्षणात समुद्रापार जातो. परंतु जेथे मनोरा उभारणे परवडत नाही अशा गावापर्यंत तोच निरोप त्याच दराने जावा काय, हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्याला बाजारभावाने मिळणारे उत्तर थुर्न आणि टाक्सिसच्या काळापेक्षा फारसे निराळे नाही.

आता आरंभीचा प्रश्न. श्टेफान पत्र पाठविणाऱ्यांचा अखेरपर्यंत राहिला. त्यांची अडचण त्याने कोलोनच्या खिडकीतून पाहिली होती आणि मंत्री झाल्यावरही तो ती विसरला नाही. परंतु खिडकीच्या आत बसलेल्या आपल्याच जातभाईंचा तो राहिला नाही. त्यांचे भले काय ते आपल्यालाच कळते, अशी त्याची समजूत झाली. कष्टातून वर आलेल्या कर्तबगार माणसांत हा दोष अनेकदा आढळतो; स्वतः चढलेली शिडी त्यांना इतकी पुरेशी वाटते, की इतरांना रुंद जिन्याची गरज आहे हे पटत नाही.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. उद्या त्यांपैकी काही कोणत्या तरी कचेरीच्या खिडकीआड बसतील, काही त्याहून वर जातील. खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाची अडचण कशी समजून घ्यावी, हे त्यांनी श्टेफानकडून जरूर शिकावे. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणे मात्र त्यांना दुसऱ्या कोणाकडून शिकावे लागेल.